वाचकांचे प्रश्न : चिऱ्याच्या घरात वायरलेस फायर अलार्म

मागच्या अंकात जुन्या वायरिंगवर लिहिलं, तर पत्रं आली ती सगळी पुढच्या पायरीची : आग लागलीच तर वेळेत कळणार कसं, आणि त्यासाठी भिंती फोडाव्या लागतील का? त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो. ज्यांनी नुसतं ‘कुठली कंपनी चांगली’ एवढंच विचारलंय, त्यांनी आधी घराचा नकाशा पाठवावा. कंपनीचं नंतर बघू.

दादा, गुहागरला आमचं आजेसासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर आहे. पाच खोल्या पर्यटकांना देतो. माजघराच्या भिंती दीड फुटी, वर लाकडी माळा. वायरमन म्हणतो, अलार्मसाठी सगळीकडे पट्ट्या माराव्या लागतील, दोन ठिकाणी चिरा फोडावा लागेल. मुलगा पुण्याहून सांगतो, वायरलेस लाव, तासाभराचं काम. खरंच तासाभराचं आहे का?

ताई, डबे छताला स्क्रूने बसवायला तास-दीड तास पुरेल, मुलगा खोटं सांगत नाही. पण डबा नेमका कुठे बसवायचा हे ठरवायला तुमच्या घरासारख्या घराला मी अख्खा दिवस धरतो.

सुरुवात कागदावर. पडवी, ओटी, माजघर, खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, माळा असा मापांसकट नकाशा काढा. पाहुणे कुठे झोपतात आणि रात्री अंधारात कुठल्या दाराने बाहेर पडतील, यावर खुणा करा. मागच्या दाराला रात्री अडसर घालता ना? घरच्यांना तो हाताला सापडतो, मुंबईहून आदल्या संध्याकाळी आलेल्या माणसाला सापडत नाही. अलार्म फक्त जागं करतो, दार उघडत नाही. तेवढं आधी मिटवा.

मग डिटेक्टर, म्हणजे धूर किंवा उष्णता ओळखणारे ते डबे. इथे वायरचा आणि बिनवायरचा नियम एकच आहे. सपाट छताखाली, खोलीतल्या कुठल्याही जागेपासून धुराचा डिटेक्टर आडव्या मापाने ७.५ मीटरच्या आत हवा. उष्णतेचा असेल तर ५.३ मीटरच्या आत. तुमच्या खोल्या लहान, तेव्हा खोलीला एक पुरे. भिंतीपासून आणि दिव्यापासून अर्धा मीटर सोडून लावा, एसी असेल तर त्याच्या झोताच्या वाटेत नको. ज्या खोलीला तक्तपोशी नाही, वर थेट वासे आणि कौलं दिसतात, तिथे धूर आढ्याकडे चढतो. तिथे डिटेक्टर आढ्याजवळच हवा, हाताला सोयीचा म्हणून तुळईच्या बाजूला ठोकायचा नाही.

माजघरात एक हवाच, कारण सगळ्या खोल्यांची वाट तिथून जाते. माळ्यावर स्वतंत्र एक लावा. माळा सगळेच विसरतात. खोलीतला धूर फळ्यांखाली अडतो आणि माळ्यावरचा धूर फळ्यांच्या वर राहतो, दोघांची गाठ उशिरा पडते. जुनी वायरिंग, उंदीर आणि कोरडी लाकडं हे तिन्ही तुमच्याकडे माळ्यावरच असणार.

स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर नको. सुके बांगडे भाजायला घेतले की तो बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल. तिथे उष्णतेचा घ्या. त्यात वर्ग असतात. ‘ए-२’ वर्गाचा साधारण ५४ ते ७० अंशांच्या दरम्यान वाजतो, ‘बी’ वर्गाचा ६९ ते ८५ अंशांच्या. चूल पेटत असेल आणि मे महिन्यात वर कौलं तापत असतील, तर ‘बी’ घ्या. गॅसगळती यातल्या कुठल्याच डिटेक्टरला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. त्याचा डिटेक्टर वेगळा मिळतो आणि तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. छतावर लावलेले मी पाहिलेत.

आता सिग्नल. आपल्याकडे अशा यंत्रणांना परवाना न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. त्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एखाद्या जागी एकमेकींना मारतात आणि वीतभर बाजूला पुन्हा ठीक होतात. म्हणून सिग्नल कमी दिसला तर घाबरून दुसरं यंत्र विकत घेण्याआधी डिटेक्टर वीतभर सरकवून बघायचा.

दीड फुटी चिऱ्यातून लहर सरळ गेली तर दीड फूट चिरा ओलांडते, पण ४५ अंशांत तिरकी गेली तर दोन फुटांहून जास्त. नकाशावर पॅनेलपासून, म्हणजे सगळ्या डिटेक्टरांचे सिग्नल जिथे येतात त्या मुख्य डब्यापासून, प्रत्येक डिटेक्टरकडे रेघ मारा, म्हणजे कुठली खोली त्रास देणार ते घरबसल्या दिसेल. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत पाणी पिऊन बसते आणि ओल्या भिंतीतून सिग्नल कोरड्यापेक्षा कमी जातो. सिग्नल मोजायचा सर्व्हे आषाढात केलात तर उत्तम. मे महिन्यात करणार असाल तर कंपनीने सांगितलेल्या सिग्नलच्या किमान पातळीवर मी आणखी दहा-पंधरा डेसिबल शिल्लक मागतो. वाचन घेताना दारं लावलेली हवीत, लोखंडी कपाटं जागेवर हवीत. आणि माळ्यावर रचलेल्या तांब्या-पितळेच्या हंड्या-घागरी विसरू नका. बरोब्बर माजघराच्या डोक्यावर धातूची भिंत उभी असते ती. कौलं मात्र सिग्नलला फारशी आडवी येत नाहीत.

पॅनेल ओटीवर, आतल्या भिंतीला. पडवीत खाऱ्या वाऱ्यावर नको, बॅटरीच्या पट्ट्यांना हिरवा थर धरतो. हाताने दाबायचा लाल डबा पुढच्या आणि मागच्या दारापाशी, साधारण १.४ मीटर उंचीवर. भोंग्याचा आवाज झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल भरला पाहिजे, दार बंद असताना. माजघरात एकच मोठा भोंगा लावून हे साधत नाही. ज्या डिटेक्टरच्या बैठकीतच भोंगा असतो, तसे खोल्यांतून घ्या.

एवढा पसारा नको असेल तर एकमेकांशी रेडिओने जोडलेले घरगुती अलार्म मिळतात. त्यांना पॅनेल नसतं, एक वाजला की सगळे वाजतात. पाच खोल्यांच्या घराला काम म्हणून ते चालतील. पण तुम्ही पैसे घेऊन माणसं ठेवता, म्हणून खरेदीआधी तुमच्या भागातल्या अग्निशमन अधिकाऱ्याला विचारून घ्या.

रत्नागिरीत आमची पाच मजली इमारत, सोसायटीची. बिल्डरने बसवलेला अलार्म केव्हाचा बंद आहे, डक्टमधल्या वायरी गंजल्यात. ठेकेदाराने वायरलेसचं कोटेशन दिलं. सभेत एक सभासद म्हणाले, ‘वायफाय गेलं की अलार्म गेला.’ दुसरे म्हणाले, ‘नवी वायरच ओढा.’ सचिव म्हणून मी काय सांगू?

पहिल्या सभासदांना सांगा की याचा तुमच्या वायफायशी काही संबंध नाही. डिटेक्टर आणि पॅनेल यांची स्वतःची रेडिओ बोली असते, ती इंटरनेटवरून जात नाही. मोबाईलच्या ॲपवर सूचना पाठवणारे स्वस्त वायफाय डिटेक्टर ऑनलाइन मिळतात, त्यांच्याबद्दल मात्र ते बोलतायत ते अगदी बरोबर आहे. ते सोसायटीत नकोत.

सिग्नल तुटला तर कळतं का, हा खरा प्रश्न. रेडिओने जोडलेल्या अलार्मसाठी ईएन ५४ या युरोपीय मानकाचा २५वा भाग आहे. त्यानुसार एखाद्या यंत्राशी संपर्क तुटला तर ३०० सेकंदांच्या आत पॅनेलवर दोष दिसलाच पाहिजे. याचा अर्थ, डिटेक्टर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ म्हणत राहतो आणि तो गप्प झाला की पॅनेल ओरडतं. कोटेशनमध्ये या भागाचं प्रमाणपत्र नसेल तर पुढे वाचू नका.

दुसरी विचारणा फ्रिक्वेन्सीची, आणि ती कुणीच करत नाही. युरोपातला बराच माल ८६८ ते ८७० मध्ये चालतो, अमेरिकेतला ९०२ ते ९२८ मध्ये. आपल्याकडे ९०० च्या आसपास मोबाईल कंपन्या बसल्यात. परदेशातून कुणाच्या बॅगेतून आलेला सेट इथे चालवणं बेकायदा तर आहेच, शिवाय टॉवरशेजारच्या इमारतीत तो भरवशाचा राहणार नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ‘ईटीए’ प्रमाणपत्र मागा. ते आहे म्हणजे यंत्र भारतातल्या पट्ट्यावर आहे.

दुसऱ्या सभासदांचंही मी अर्धं ऐकीन. पाच मजली आरसीसीत तळमजल्यावरच्या एका पॅनेलने पाचव्या मजल्यापर्यंत पोचायचं म्हणजे मध्ये सळईने विणलेले स्लॅब आणि लिफ्टचा लोखंडी खांब. माझं मत मिश्र पद्धतीचं : पॅनेल वॉचमनच्या केबिनमध्ये, तिथून जिन्याच्या कडेने एकच नवी अग्निरोधक केबल वर, आणि प्रत्येक मजल्याच्या लॉबीत त्या केबलवर एक रेडिओ मॉड्यूल. मजल्यावरचे डिटेक्टर त्या मॉड्यूलशी बोलतील. कुणाच्याही फ्लॅटमध्ये ड्रिल चालवावं लागत नाही, पीओपीची तक्रार येत नाही, आणि एक मॉड्यूल गेलं तर एकच मजला जातो. वायरलेस डिटेक्टर साध्यापेक्षा बराच महाग असतो. वाचतात ते मजुरी, प्लास्टर आणि सभासदांशी घालायचे वाद. गच्चीवर मात्र केबल उघडी नेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि ऑक्टोबरात वीज कशी पडते ते तुम्हाला सांगायला नको. पॅनेलच्या वीजजोडणीवर सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच.

आवाजाचं माप सभेत घेऊन टाका. लॉबीतला भोंगा वाजवा, मुख्य दार आणि बेडरूमचं दार लावा, उशाशी मीटर धरा. आकडा बघून बरेच जण स्वतःच्या फ्लॅटमध्ये भोंगा मागतील.

कायदा तोच राहतो. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली यंत्रणा चालू असल्याचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. बसवणाराही परवानाधारकच हवा. त्याच्याकडून प्रत्येक डिटेक्टरच्या सिग्नलचं वाचन लिहून घ्या आणि फाइलला लावा. दोन वर्षांनी एखादा डिटेक्टर रुसला तर तुलनेला तोच कागद उपयोगी पडतो.

आणि वॉचमनला ‘सायलेन्स’ (नुसता आवाज बंद) आणि ‘रिसेट’ (यंत्रणा पुन्हा पहाऱ्यावर) यांतला फरक शिकवा. बझर सतत वाजायला लागला की त्याच्यावर कापडाचा बोळा कोंबायची पद्धत आपल्या जिल्ह्यात सर्वत्र आहे.

मालवणहून : गणपतीत पाच दिवस आरती, कापूर, धूप. तेवढ्यापुरती डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर चालेल का?

नको. ती पिशवी दिवाळीपर्यंत तिथेच राहते. पॅनेल असेल तर त्या एकाच डिटेक्टरला ठरावीक तासांपुरतं बंद ठेवायची सोय असते, वेळ संपली की तो आपोआप जागा होतो असा पर्याय निवडा. पुढच्या वर्षीही मूर्ती तिथेच बसणार असेल, तर त्या खोलीत धूर आणि उष्णता दोन्ही पाहणारा मल्टिसेन्सर घ्या. तपासणीसाठी अगरबत्ती धरू नका, तिचा चिकट थर आतल्या कप्प्यात बसतो. टेस्ट स्प्रे मिळतो, तो वापरा. कारण नसताना मध्यरात्री वाजत असेल तर आधी कोळी शोधा. किनाऱ्यावर अवेळी वाजण्यामागे बरेचदा आत शिरलेले बारीक किडे आणि त्यांच्यामागे गेलेला कोळी असतो.

श्रीवर्धनहून : ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी वायरलेस अलार्म चालतो का? बॅटरी किती टिकते?

इथे दोन वेगळ्या बॅटऱ्या आहेत. डिटेक्टरची लिथियमची असते, तिला वीज आली-गेली याचं काही नाही. मानकाप्रमाणे ती किमान ३६ महिने टिकली पाहिजे, कंपन्या पाच वर्षं सांगतात. सिग्नल काठावर असलेला डिटेक्टर पुन्हापुन्हा आणि जोरात प्रक्षेपण करतो, त्याची बॅटरी लवकर संपते. त्यामुळे एकच डिटेक्टर सारखा बॅटरी खात असेल तर बॅटरीचा ब्रँड बदलण्याआधी त्याची जागा बदला. चार्ज होणारी बॅटरी त्यात घालू नका. बदलताना पट्ट्यांवर मीठ दिसतंय का ते बघा.

पॅनेलची गोष्ट निराळी. ते घरच्या विजेवर चालतं आणि आतली लेड-ॲसिड बॅटरी साधारणतः २४ तास पहारा आणि वर अर्धा तास भोंगा एवढ्या हिशेबाने देतात. हिशेब सोपा आहे. पॅनेल शांत असताना १५० मिलिअँपिअर घेत असेल तर २४ तासांचे ३.६ अँपिअर-अवर. भोंगे ६०० मिलिअँपिअर घेत असतील तर अर्ध्या तासाचे ०.३. बेरीज ३.९, वर जुनेपणासाठी सव्वापट, म्हणजे जवळपास ४.९. म्हणून ७ अँपिअर-अवरची बॅटरी घालतात. तीन दिवस हवे असतील तर हाच हिशेब १४च्या घरात जातो, मग १७ किंवा १८ची लागेल. पण ती घालण्याआधी पॅनेलचा चार्जर तिला भरू शकतो का ते कंपनीला लेखी विचारा. आठवडाभराच्या अंधाराला कुठलीच बॅटरी पुरणार नाही. तुमच्याकडे छतावर बॅटरीवाला सोलर असेल तर पॅनेल त्या सर्किटवर घ्या. नसेल तर घरगुती जोडलेले अलार्म बरे, त्यांना पॅनेल नाहीच. वादळानंतर मेणबत्त्या, कंदील, जनरेटर आणि पेट्रोलचे कॅन घरात येतात, त्या दिवसांत अलार्म बंद पडून चालणार नाही.

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रिया कारखाना आहे. पत्र्याच्या तीन शेड : एकीत बॉयलर आणि गर वाळवायचा बोरमा, दुसरीत सोलणं-प्रतवारी, तिसरीत गोदाम. टरफलांची रास मागे. वायरलेस बसवावं का?

तिन्ही शेडना मिळून वायरलेस घेऊ नका. पत्र्याच्या शेडमधून रेडिओ बाहेर पडत नाही. आतल्या आत मात्र चांगला खेळतो. तुम्हाला प्रत्येक शेडमध्ये स्वतंत्र मॉड्यूल आणि शेडना जोडणारी केबल लागणारच, मग उघड्या पत्र्याखाली जीआय पाइपातून वायर ओढायला तरी कोण आडवं येतंय? फोडायला भिंत नाही, रंग खराब होत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या शेडमध्ये मी सरळ वायर ओढीन, पैसेही वाचतील. सोलणं-प्रतवारीच्या शेडमध्ये टेबलांची मांडणी दर हंगामात बदलत असेल आणि नंतर पार्टिशनं घालायचा विचार असेल, तर तिथे वायरलेसचा उपयोग आहे.

बॉयलर आणि बोरम्याच्या शेडमध्ये वाफ आणि गरम हवा असते, म्हणून तिथे उष्णतेचे, वरच्या वर्गाचे. गोदामात धुराचे. पण मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि सुरुवातीचा पातळ धूर त्या थराखालीच थबकतो. डिटेक्टर पत्र्याला चिकटवलात तर त्याला काही कळायच्या आत पोती पेटलेली असतील. दांडीवर खाली उतरवा, पण ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नको. गोदामात पोत्यांच्या थप्प्या छताला भिडवू नका, धूर पसरायला वर जागा लागते.

टरफलांच्या राशीवर डिटेक्टरचा उपयोग नाही, ती उघड्यावर आहे. टरफलात तेल असतं, एकदा पेटलं की पाण्याने सहज विझत नाही, आणि तुमच्याकडे बंब यायला शहरातून वेळ लागणार. रास गोदामाच्या भिंतीला टेकली असेल तर ती आधी हलवा. शेडची उंची, पन्हळीची दिशा आणि बोरम्याची जागा दाखवणारा नकाशा पाठवलात तर कुठल्या शेडमध्ये काय, ते खुणा करून परत पाठवतो.